शेवटच्या पाळीचा फोटो

माझी आई तिरोडीच्या खदानीत बावीस वर्षं मँगनीजचे दगड फोडत होती, आणि मामांच्या तोंडून ऐकलं तर ती "घरीच असते". वडील गेल्यापासून मामाच आमच्यातले मोठे. मला बघायला पाहुणे आले की चहाबरोबर ते हे वाक्यही पुढे करायचे. आई तेव्हा आतल्या खोलीत पदराखाली हात झाकून बसलेली असायची, कारण नखांमधला काळा रंग काही केल्या निघत नसे. मला इतका संताप यायचा की एकदा मी पाहुण्यांसमोरच खरं सांगून टाकलं. ते स्थळ मोडलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आई निवृत्त होणार होती त्या डिसेंबरात मी बालाघाटला एका ऑफिसात टायपिंग करत होते. नुकताच माझ्या पगारातून पेन्सिल सेलवर चालणारा छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता. मी ठरवलं, आईचा शेवटच्या पाळीचा फोटो काढायचा. पिवळं हेल्मेट, साडीवरचा मळका शर्ट, बूट, सगळ्यासकट. मुकादम म्हणाले, आत जमणार नाही. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी गेटबाहेर काय ते उरकून घ्या. म्हणजे एकच सकाळ, तीही काही मिनिटांची.

मामांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "अशा कपड्यावर कोणी फोटो काढते का? अन् ह्या थंडीत तुही मशीन बंद पडन, पाहून घेजो."

आदल्या दिवशी मी बालाघाटहून पहिल्या बसनं कटंगीमार्गे घरी आले. खिडकीची काच फुटलेली, पाय बधिर झालेले, कॅमेऱ्याची पिशवी मांडीवर. घरी पोचल्यावर हातपाय धुवायला मोरीत गेले, तेवढ्यात आईनं पिशवीतून कॅमेरा काढून चुलीपाशी ठेवला, अंघोळीच्या पाण्याच्या पातेल्याला अगदी चिकटून. आमच्याकडे बाळ-बाळंतिणीला मातीच्या गोरसीतल्या निखाऱ्यांवर शेकतात. आईनं तोच न्याय कॅमेऱ्याला लावला. गारठलेली काच एकदम वाफेत आली की तिला आतून घाम फुटतो, हे तिला कुठून माहीत असणार? मी येऊन पाहते तर लेन्स आतून पांढरी फटक.

"आई, काय करून ठेवलं हे?"

"कुडकुडत आलं बिचारं, म्हून शेकाले ठेवलं. तुले बी असंच शेकलं होतं. तू तं नाही बिघडली."

मामा खाटेवर बसून हसले. मी जाम चिडले होते, आणि आईवर चिडावं लागलं याची आणखी चीड आली. सेल काढून घेतले, झाकण उघडं ठेवून कॅमेरा बाहेरच्या खोलीतल्या फळीवर ठेवला आणि दिवसभर तिथंच खुर्ची टाकून बसले. कोणाला हात लावू दिला नाही. संध्याकाळी काच स्वच्छ झाली तेव्हा मी मामांना मुद्दाम आणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅमेरा टॉवेलात गुंडाळला आणि सेल स्वेटरच्या आत, अंगाशी ठेवले. थंडीत आधी सेल मान टाकतात, हे दुकानदारानं सांगितलं होतं. पण गेटवर आईच्या पाळीतल्या बायका जमायची वाट बघत मी सेल फार लवकर कॅमेऱ्यात घातले आणि कॅमेरा हातात धरून उभी राहिले. बायकांनी आईला मधे उभं केलं. मी बटण दाबलं. लेन्स अर्धी बाहेर आली, पडद्यावर सेल बदला असं आलं आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. दुसरे सेल पिशवीत रात्रभर गारठले होते, ही मात्र माझीच चूक. मुकादम घड्याळ बघायला लागले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आई पुढे आली. "आण इकडं."

तिनं दोन्ही सेल काढून घेतले, एकेका मुठीत एकेक धरला, मुठी काखेत घातल्या आणि तशीच उभी राहिली. बाकीच्या बायका वारा अडवून तिच्याभोवती उभ्या राहिल्या. जरा वेळानं तिनं सेल माझ्या हातात दिले. ते चांगले उबदार लागले.

या वेळी लेन्स पूर्ण उघडली. आईचे हात सवयीनं पदराखाली गेले. मी म्हटलं, "आई, हात समोर." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हात समोर आणले. एकच फोटो निघाला. मग कॅमेरा बंद पडला आणि भोंगा झाला.

घरी आल्यावर कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारली आणि गारठा उतरेपर्यंत बाहेरच्या खोलीतच ठेवला. पाळी संपवून आई आली तेव्हा ताजे सेल घालून तिला फोटो दाखवला. मामाही होते; रविवारी नवे पाहुणे येणार असल्याचा निरोप घेऊन आले होते.

आईनं पडदा डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ स्वतःचे हात पाहत होती.

"मोठा करून आण," ती मला म्हणाली. "पाहुणे बसतीन त्याच्या समोरच्या भिंतीवर लावू."

"लोकं विचारतीन न," मामा म्हणाले.

"विचारू दे, दादा. मी बाहेरच्या खोलीतच बसून राहीन."