औषधाची खोली

अकोल्यात जठारपेठेत आम्ही भाड्याचं घर घेतलं तेव्हा लेक नऊ महिन्यांची होती, नुकतीच रांगायला लागलेली. पहिल्या दिवशी घरात बुद्धवंदना झाली, सगळ्यांना खीर वाटली. लेकीने एक वाटी उपडी केली आणि गडबडीत ती खीर मागच्या खोलीत तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर फरशीवर वाळून गेलेली. एक मुंगी नव्हती. सासूबाई खूश झाल्या, घर स्वच्छ आहे म्हणाल्या. मलाही बरं वाटलं.

मग लक्षात येऊ लागलं. पाल नाही, कोळिष्टक नाही. माशी खिडकीत बसली की थोड्या वेळाने उताणी पडायची. भर दुपारी त्या खोलीत जायला मला नको वाटायचं. ऊन चढलं की भिंतीतून गोडसर, घशात बसणारा वास यायचा.

मी भांडायला कधी मागे नसते. घरमालकाला फोनवर धारेवर धरलं, तेव्हा त्याने आढेवेढे घेत सांगितलं की आधीचा भाडेकरू तिथे फवारणीची औषधं साठवायचा. लेक आठ दिवस त्याच फरशीवर रांगत होती आणि तेच हात तोंडात घालत होती.

डॉक्टरांनी तिला तपासलं. सध्या ठीक आहे, पण आता त्या औषधाचा वाराही लागू देऊ नका म्हणाले.

अंजनगाव सुर्जीहून नवऱ्याचे मामा आले. आयुष्यभर कृषी केंद्रात त्यांनी हीच औषधं विकलेली. मी झाडू उचलला, तर त्यांनी तो हातातून काढून घेतला.

"झाडू नको मारू. उडलं तर नाकात जाते."

खिडक्या उघड्या, हातात रबरी मोजे, तोंडाला मास्क. साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं परत वापरायचं नाही. फडकी कमी पडली म्हणून मी ट्रंकेतलं एक जुनं, हिरव्या काठाचं लुगडं फाडलं, कोणालाही न विचारता. तीन दिवस पुसलं. सगळी फडकी दुहेरी पिशवीत बांधून मागच्या दाराशी ठेवली. दुसऱ्या दिवशी मामा ती पिशवी, कुठे द्यायची ते विचारून, घेऊन गेले.

आठवड्याने मी ऑफिसातून घरी आले. लेक पाळण्यात झोपली होती, अंगाखाली नवं शिवलेलं दुपटं. त्याचा हिरवा काठ मी ओळखला. वाकले, तर पाळण्यातून तोच गोडसर वास आला.

पिशवी जायच्या आधीच सासूबाईंनी तिची गाठ सोडून लुगड्याचे तुकडे काढून घेतले होते.

"दोनदा धुतलं ना मी साबणानं," त्या म्हणाल्या. "माह्या मायचं लुगडं होतं ते."

मी लेकीला ओढून घेतलं. "तिले हात लावू नका तुमी," म्हणाले. घर ऐकेल एवढ्या आवाजात.

दवाखान्यात एक दिवस ठेवलं. पाठीवर पुरळ उठलं होतं, तेवढ्यावर निभावलं. महिन्याभरात आम्ही ते घर सोडलं.

लेक आता शाळेत जाते, धडधाकट आहे. सासूबाई मात्र तिच्याजवळ जायच्या आधी मोरीत कोपरापर्यंत हात धुतात. मी माफी मागितली, पुरे झालं असं कितीदा सांगितलं. त्या ऐकून घेतात. मग ओले हात पुसत दारात उभ्या राहतात, आणि मी हो म्हणेपर्यंत आत येत नाहीत.