बहिऱ्याकडे शिकवणी

"मॅडम, हाई पिल्लू बहिरं शे." रफीकभाईंनी कुत्र्याचं पिल्लू टेबलावर ठेवलं आणि निदान सांगून टाकलं. माझं फक्त औषध लिहायचं बाकी होतं.

रफीकभाईंची नंदुरबारला मिरचीची पथारी आहे. पथारी म्हणजे ओली मिरची वाळत घालायचं मोकळं मैदान. तिथे राखणीला शेरू कुत्रा. त्याच्या पहिल्या लसीपासून तो माझा पेशंट. तो बारा वर्षांचा झाला, म्हणून भाईंनी चार महिन्यांचं पिल्लू आणलं आणि त्याच्याच शेजारी बांधलं. म्हाताऱ्याकडे बघून शिकेल. कंपनीत याला ट्रेनिंग म्हणतात.

पण काही दिवसांनी मिरचीची पोती चोरीला गेली आणि दोघंही जागचे हलले नाहीत. मग घरात ठरलं की पिल्लू परत द्यायचं आणि शेरूला अक्कलकुव्याच्या पुढे हायवेवरच्या ढाब्याशी सोडून यायचं. तिथे खायला भरपूर मिळतं म्हणे. त्या हायवेवरचे ट्रक मी पाहिलेत. मला चांगलाच राग आला. राग आला की मी तपासणी जास्त सावकाश करते.

पिल्लाला दिसणार नाही असा मागे चमचा ट्रेवर वाजवला. ते गर्रकन वळलं. कान ठणठणीत. मग म्हटलं, शेरूला आणा. त्याला कशाला, तो जुना माणूस, असं म्हणत भाईंनी शेवटी आणलाच. मागे चमचा वाजवला, टाळ्या वाजवल्या. पाय मात्र आपटला नाही, कारण जमिनीचा हादरा पंजांना कळतो आणि टेस्ट चुकते. शेरू समोरच्या भिंतीकडे शांतपणे बघत राहिला.

कानात मळ नाही, इन्फेक्शन नाही. म्हातारपणाचा बहिरेपणा, त्यावर औषध नाही.

"बहिरा हा आहे," मी म्हटलं. "तुम्ही याच्याकडे शिकवणी लावलीत. गेटशी कोणी आलं तरी मास्तर उठत नाहीत. ते बघून पिल्लूही उठत नाही. हुशार आहे."

मग सगळं समजावलं. चार महिन्यांचं पिल्लू म्हणजे बालवाडी. लस, जंताचं औषध, पोटभर खाणं, माणसांची सवय, बस. राखण वर्षाचं झाल्यावर. म्हाताऱ्याला मऊ खाणं आणि कोरडी जागा हवी. त्याच्याजवळ समोरून जायचं, नाहीतर दचकून चावेल. भाईंनी लेकराला नोकरीला लावलं होतं आणि म्हाताऱ्याला घराबाहेर काढत होते.

भाई शेरूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "रोज शिव्या देस मी याले. याले तं काहीच ऐकू येत नही."

"बरंच झालं," मी म्हटलं. "त्याचा तुमच्यावर राग नाही."

हायवे रद्द झाला. पिल्लू घरी वाढलं, वर्षाचं झाल्यावर पथारीवर आलं. आता ते भुंकलं की शेरू त्याच्याकडे बघून उठतो आणि गेटकडे पाठ करून जोरात भुंकतो. भाई सगळ्यांना सांगतात, माझ्याकडे दोन राखणदार आहेत.

कुत्रा काम करेनासा झाला, तर त्याला काढण्याआधी त्याचे कान तपासावेत. माणसांच्या नोकरीत अशी पद्धत आहे का, मला माहीत नाही. मी जनावरांची डॉक्टर आहे.