ताईच्या पुस्तकातली गायत्री

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार निवडत होते. पलीकडे तिच्या शेजारच्या काकू हुंदके देत होत्या आणि माझे हात शिरा काढतच राहिले. सख्खी बहीण गेली तरी डोळ्याला पाणी नाही, म्हणून कुणी नावं ठेवणार असेल तर खुशाल ठेवावीत. अकरा वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. ती कोपरला, मी कळव्याला, मध्ये दोनच स्टेशनं... पण ती आली नाही आणि मीही गेले नाही.

शोकसभेला मात्र गेले. ताईने लग्न केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं, तरी डोंबिवलीतला तो हॉल भरला होता. तिची पुस्तकं वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी असायची. पाळी, व्यसनं, परीक्षेची धास्ती, मोबाइल, घरातली भांडणं, असे विषय. पातळ पुस्तकं, सोपी भाषा, आणि प्रत्येक प्रकरणाच्या सुरुवातीला एका खऱ्या मुलाची किंवा मुलीची हकिकत. खाली बारीक अक्षरात टीप असायची, नाव बदलले आहे. वक्ते एकामागून एक उठून ताईच्या संवेदनशीलतेचे गोडवे गात होते आणि मी शेवटच्या रांगेत दातओठ खात बसले होते. कारण त्या हकिकतींमधली एक मुलगी माझी आहे.

गौरी आठवीत असताना स्वतःचे केस उपटायची. अभ्यास करताना, टीव्ही बघताना, एकेक करून. डाव्या कानामागे चांगलं रुपयाएवढं टक्कल पडलं होतं. मी आधी ओरडले, मग तेलं चोळली, मग पुन्हा ओरडले. गौरीने मन मोकळं केलं ते मावशीजवळ. ठाण्याच्या डॉक्टर ताईनेच शोधल्या, दर शनिवारी तिला तीच घेऊन जायची, हे मी नाकारत नाही. तेव्हा आम्हीही कोपरलाच राहायचो. गौरीचा हात हळूहळू थांबायला लागला होता... आणि पुस्तक आलं.

ताईने गौरीची गायत्री केली आणि तिथेच तिचं काम संपलं. गच्चीवर कबुतरांची ढाबळ असलेली आमची बिल्डिंग तशीच, आठवी ब तशीच, पोस्टात नोकरी करणारे वडील तसेच, टक्कल झाकणारा रुंद हेअरबँडसुद्धा तसाच. शाळेने बक्षीस समारंभासाठी नेमकं तेच पुस्तक घेतलं आणि पाहुणी म्हणून ताईलाच बोलावलं. गौरीला रांगोळीचं बक्षीस होतं. स्टेजवर मावशीच्या हातून तिने ते घेतलं, हसून पाया पडली. आत काय आहे हे तिला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. सोमवारी वर्गात "ए गायत्री" अशी पहिली हाक आली. बुधवारी कुणीतरी तिचा हेअरबँड ओढला. महिन्याभरात उजवी बाजूही गेली आणि गौरी शाळेत जायची बंद झाली. आम्ही घर सोडून कळव्याला आलो.

त्याआधी मी ताईच्या दारात उभी राहून विचारलं होतं, "अगं, निदान ती ढाबळ तरी बदलायचीस!"

"तपशील खरे असले की मुलांचा विश्वास बसतो," ती म्हणाली. "आणि नाव बदललंय ना मी?"

"गौरीला विचारलं होतंस?"

"चांगल्या कामासाठीच होतं गं ते..."

मी चपला घालून निघाले. पुढे प्रत्येक आवृत्तीत ते प्रकरण जसंच्या तसं छापून येत राहिलं. शोकसभेत विठ्ठलवाडीची एक मुलगी उठून म्हणाली, "गायत्रीमुळे मी आईला सांगू शकले, माझेपण केस जायचे." हॉलमध्ये टाळ्या पडल्या. तिचं भलं झालं याचा मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. तिच्या भल्यासाठी माझ्या पोरीची शाळा गेली होती.

गेल्या रविवारी ताईचं घर आवरायला गेले. गौरी आता पंचवीस वर्षांची आहे, ती आपण होऊन बरोबर आली. ताईच्या टेबलाच्या खणात पत्रांचा जाडजूड गठ्ठा सापडला. वहीची फाडलेली पानं, आंतर्देशीय पत्रं, मुलांची अक्षरं. बहुतेकांचा मायना एकच, प्रिय गायत्रीताई. जवळजवळ प्रत्येक पत्राला ताईने पाठवलेल्या उत्तराची नक्कल टाचलेली. मी एक वाचली, दुसरी वाचली, दहा वाचल्या. सगळीकडे तेच, "गायत्री आता पूर्ण बरी आहे. तिचे केस छान वाढलेत, ती लांब वेणी घालते."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी सांगितलं हिला? अकरा वर्षांत एक फोन केला नाही, आणि अख्ख्या महाराष्ट्राच्या पोरांना माझ्या मुलीची तब्येत कळवत बसली! गौरी शेजारी उभी होती, डोक्याला स्कार्फ बांधून. मुलाखत असो, ऑफिसात वादावादी असो, तिचा हात अजून जातो.

सगळ्यात वरच्या पत्राला उत्तर टाचलेलं नव्हतं. नववीतल्या एका मुलीने विचारलं होतं, तुमचे केस खरंच परत आले का? गौरीने ते दोनदा वाचलं. मग मावशीच्या खुर्चीत बसून कागद ओढला आणि लिहिलं, "सगळे नाही आले. माझा हात अजूनही जातो, पण पूर्वीपेक्षा कमी. तुझा?" खाली सही केली, गौरी.

"खरं नाव कशाला घालतेस?" मी म्हणाले.

"पत्र मला आलंय, आई."

तिने पाकीट बंद केलं, गठ्ठ्यातलं त्याखालचं पत्र काढलं आणि त्याला टाचलेली ताईची नक्कल सोडवून बाजूला ठेवली.

"हे जुनं आहे," मी म्हणाले, "याला उत्तर गेलंय."

"हो ना," ती म्हणाली, "म्हणूनच हिला आधी खरं सांगायला हवं."