ओल्या कापसातली अंगठी

“खडा साधाच दिसतो, शेठ. ज्योतीवर धरतो, आपोआप सुटेल,” आमचे कारागीर भाऊ दुकानमालकांना म्हणाले. त्यांच्या चिमट्यात निर्मलाअक्कांची ओपलची अंगठी होती.

अक्का जळगावच्या आमच्या सराफी दुकानात माझ्या शेजारी बसायच्या. मूळच्या धुळ्याकडच्या. गिऱ्हाइकाशी शुद्ध मराठी, आपल्या माणसाशी खानदेशी. इंग्रजी शाळेतून आलेली मी काउंटरवर गप्पच असायचे. “हाई पोर बोलस का नुसती बिलंच फाडस?” अक्का सगळ्यांदेखत विचारायच्या, आणि मग टेबलाखालून माझ्या हातात शेंगदाणे ठेवायच्या.

ओपल मागायला येतात ते बहुतेक शुक्रासाठी. ज्योतिषाने सांगितलेलं वजन भरलं की झालं. खड्याकडे कोणी बघत नाही. अक्कांना त्याचा राग यायचा. “हिरा दूरथीन चमकस, माय. हाऊ हातमा ल्या, फिरावा, तवय दिखस.” फिरवल्यावर खडा कसा दिसतो ते दाखवायला त्या बोट जरासं कलतं करायच्या. दुधी खड्यात हिरवं काही हलायचं, आणि त्याच जागी लगेच शेंदरी. अक्कांनी लग्न केलं नाही. ही अंगठी त्यांनी स्वतःच्या पगारातून, स्वतःच्या हौसेनं घेतलेली. जळगाव तापायला लागलं की ती बोटातून उतरायची आणि धरणगावच्या भावाच्या शेतातला कापूस ओला करून त्यात, डबीत, झोपायची. “उन्हाळामा त्याले बी तहान लागस.”

अक्का आजारी पडल्या, दवाखान्यात बोटं सुजली, तेव्हाही अंगठी डबीतच गेली. “कापूस वाळू देऊ नको, माय,” अक्का मला म्हणाल्या. मी मान हलवली. पुन्हा जाईपर्यंत अक्का राहिल्या नव्हत्या, आणि डबी घरच्यांकडे गेली होती.

आज त्यांचा भाचा ती घेऊन आला. माणूस प्रेमळ, आत्याची आठवण म्हणून त्या सोन्याचं लेकीला कानातलं करायचं होतं. “खडा गेला तरी चालेल,” तो म्हणाला, “त्याला कुठं भाव आहे?”

उघड्या डबीतला कापूस कोरडाठाक होता. आच लागली की ओपल तडकतो, हे अक्कांनीच मला सांगितलेलं. भाऊंनी ज्योत पेटवली.

मी उठले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“भाऊ, थांबा. आधी हातमा ल्या. फिरावा.”