गोलकीपरची कादंबरी

नोकरीत असताना एक कादंबरी मी वर्षानुवर्षं शिकवली. तिच्या नावाशी इथं काम नाही. माळावरच्या गावातला एक मुलगा, त्याचा अबोल बाप, मुलाने हातावर वाढवलेला एक खोंड आणि शाळेच्या वाटेवरचा ओढा, एवढ्यावर ती उभी आहे. मुलगा मोठा होतो आणि गाव सोडून जातो. ओढा म्हणजे काळ, खोंडाच्या नाकातली वेसण म्हणजे संपलेलं बालपण, हे मी इतक्या वेळा सांगितलं होतं की निवृत्त झाले तेव्हा वाटलं, चला, आता या पुस्तकातून सुटले.

आमचं घर शिवाजी पेठेत, पहिल्या मजल्यावर. समोर तालीम, आणि तालमीची फुटबॉल टीम म्हणजे गल्लीचा जीव की प्राण. त्या टीमचा गोलकीपर आमच्या शेजारचा. एका मॅचमध्ये त्याने समोरच्या फॉरवर्डच्या पायात उडी घेतली आणि नडगीचं हाड मोडून घेतलं. चेंडू मात्र सोडला नाही, हे गल्ली पुढे कितीतरी दिवस सांगत होती. ऑपरेशन झालं, पायात रॉड बसला, आणि पोरगं घरात पडून राहिलं.

एक दिवस त्याची आई माझ्याकडे आली. हातात तीच कादंबरी.

"बाई, बाहेरनं बी.ए. करतोय. मराठीचा एक पेपर ऱ्हायलाय. दिवसभर नुसतं भिताडाकडं बघत पडतोय. तुमी तेवढं शिकवा की."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचे दोन दोस्त त्याला खुर्चीसकट उचलून आमच्या अरुंद जिन्यावरून वर घेऊन आले. एक फुल बॅक, दुसरा सेंटर फॉरवर्ड. फॉरवर्डच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शिलाईचं काम. त्याच्या अम्मीने शिवलेली उशी त्याने मित्राच्या पायाखाली ठेवली आणि दोघं दाराशीच टेकले.

गोलकीपर म्हणाला, "बाई, गोष्ट नगं. प्रश्न-उत्तरं तेवढी सांगा. पास झालं की बास."

"आधी गोष्ट ऐक," मी म्हटलं, आणि मोठ्याने वाचायला लागले.

ओढ्याचं प्रकरण आलं. पहिल्यांदा शाळेत जाताना मुलाच्या छातीला पाणी लागतं, आई हात धरून त्याला पलीकडे नेते. काही वर्षांनी पाणी गुडघ्यापर्यंतच येतं. ओढा आटला म्हणून मुलगा कष्टी होतो, तेव्हा आई सांगते, ओढा होता तेवढाच आहे, तू वाढलास.

मी सवयीने प्रतीक सांगायला तोंड उघडलं, पण तो आधीच बोलायला लागला. "गोलपोस्ट बी तसाच असतोय, बाई. ल्हान हुतो तवा वरच्या बारकडं बघून मान दुखायची. वाटायचं, ह्यो आभाळातच हाय. मग एकदा उडी मारली आन बोटं लागली. कुणाला सांगितलं न्हाय. घरी येऊन अंगावर चादर घेऊन रडलो. का रडलो ते आज कळालं."

ते प्रकरण मला तोंडपाठ होतं. ते एखाद्याच्या बोटांच्या टोकाला जाऊन लागेल, हे मला कधी सुचलं नव्हतं. पुस्तक हातात जड झाल्यासारखं वाटलं.

मग वेसणीचं प्रकरण. पेठेतल्या पोराला वेसण कशी घालतात ते माहीत नव्हतं. माझं माहेर शिरोळकडचं. लहानपणी गोठ्यात बघितलेलं मी त्याला सांगितलं: चार माणसं खोंडाला खाली पाडतात, नाकाच्या पडद्यातून दाभण आरपार घालतात, मागोमाग दोरी ओवतात. खोंड उठतो तेव्हा त्याचे डोळे बदललेले असतात. काल अंगाशी येऊन चाटणारा तोच, आज लांब उभा राहून बघतो.

तो स्वतःच्या पायाकडे बघत राहिला. "मला बी चौघांनीच धरलतं," तो म्हणाला. "रॉड घालायच्या आदी. त्यो खोंड मग नांगराला चालला का?"

"चालला."

"मग हुईल काय तरी," तो म्हणाला. दाराशी बसलेले दोघं नेहमी एकमेकांना कोपर मारत खिदळायचे. त्या दिवशी दोघं मान खाली घालून बसले होते.

त्यानंतर श्रोते वाढले. आधी लेफ्ट आउट आला, मग कॅप्टन, मग टीममधला जो कुणी मोकळा असेल तो. मैदानात ज्यांचा आवाज गल्लीच्या या टोकाला ऐकू येतो, ती पोरं माझ्या घरात मांडी घालून, तोंडातला मावा बाहेर थुंकून, गप्प बसायची. मी कधी खोकले तर कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे करायचं. चाळीस मुलांच्या वर्गात मला मिळाली नव्हती अशी शांतता होती ती.

जिन्याच्या तळाशीही एक माणूस बसायचा. गोलकीपरचे वडील. ते फौंड्रीत कामाला, आणि तरुणपणी याच तालमीचे गोलकीपर. मुलाला घरी न्यायला म्हणून ते लवकर येऊन पायरीवर बसत. मी एकदा वर बोलावलं, तर "असूदे, बाई, हितं वारं लागतंय," म्हणाले. जिन्यात वारा कुठला येणार! मुलाकडून कळलं की पाय मोडल्यापासून दोघांत बोलणं नव्हतं. "दवाखान्यात बी नुसतं उभं ऱ्हायले, बाई. एक शब्द न्हाय."

शेवटचं प्रकरण आलं त्या दिवशी खोली भरली होती. कादंबरीतला मुलगा गाव सोडून निघतो. बाप शेतात त्याच खोंडाचा आता झालेला बैल जुंपून नांगर धरून चाललेला असतो. मुलगा बांधावरून ओरडतो, येतो म्हणून. बाप मान वर करत नाही. मुलगा निघून जातो. आणि लेखक एवढंच सांगतो, की ज्या माणसाची नांगरट अख्खं गाव बघायला यायचं, त्याचं तास, नांगराच्या फाळामागची ती सरळ ओळ, त्या दिवशी पहिल्यांदा वाकडं गेलं. इथे कादंबरी संपते.

मी पुस्तक मिटलं.

मग जिना वाजला. वडील वर आले आणि दारातच थांबले. अंगावर फौंड्रीचा निळा शर्ट.

"बाई, ते शेवटचं परत वाचता?"

मी परत वाचलं. ते उभ्यानेच ऐकत होते. वाचून झाल्यावर माझ्याकडे बघून, पण मुलासाठी, म्हणाले, "त्या दिवशी मी मैदानात हुतो. गेटापाशी. ह्यो पडला, समदी पळाली. माझं पायच हललं न्हाईत. त्या बापाचं तास तरी वाकडं गेलं, बाई. माझं कुणाला काय दिसलंच न्हाय."

खोलीत टीम बसलेली. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं.

"मला दिसलं की, पप्पा," गोलकीपर म्हणाला. "दवाखान्यात तुमच्या एकाच पायात चप्पल हुती."

वडिलांनी खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं. त्यांना ते माहीतच नव्हतं. पाय हलल्यावर मैदानातून दवाखान्यापर्यंत आपण एका चपलेनिशी पळत गेलो, हे त्यांना त्या क्षणी, माझ्या दारात उभं असताना कळलं. त्यांनी चौकट धरली. फॉरवर्ड उठून बाजूला झाला, त्याच्या जागेवर ते बसले, आणि मुलाच्या पायावर, रॉडच्या जागी, अगदी हळू हात ठेवला.

त्या दिवशी खुर्ची उचलायला दोस्तांची गरज लागली नाही. वडिलांनी पोराला पाठीवर घेतलं आणि एक एक पायरी बघत खाली नेलं. आम्ही सगळे जिन्याच्या तोंडाशी उभे राहून बघत होतो.

नंतर मी एकटीच खिडकीत बसले. ज्याने हे पुस्तक लिहिलं त्याने फुटबॉलचा सामना कधी बघितलाही नसेल. माळावरच्या एका वावरात त्याने एक तास वाकडं जाऊ दिलं, आणि तेवढ्या ओळीने पेठेतल्या एका बापाचं तोंड उघडलं. प्रतीक हा शब्द मी आयुष्यभर फळ्यावर लिहिला. तो एवढा जिवंत असतो, हे मला पोरांच्या घोळक्यात बसून दिसलं.

तो पास झाला. डॉक्टरांनी उडी मारायला मनाई केल्यामुळे गोलमध्ये मात्र परत उभा राहिला नाही. वर्षभर मैदान सुटल्याचा त्रास घरच्यांनी सोसला, त्यानेही सोसला. पुढे खेळाच्या शिक्षकाचा कोर्स केला. आता जयसिंगपूरच्या एका शाळेत आहे, रोज एसटीने जातो-येतो. मध्यंतरी एका रविवारी वर आला आणि माझ्या कपाटासमोर उभा राहिला.

"बाई, गाडीत वाचायला काय तरी द्या," म्हणाला. "जाड द्या. बारकं असलं की सांगली फाट्यालाच संपतंय."