क्रीडादिनाला घोडा येणार आहे

भोईवाड्याच्या चढावर, दोन चाळींच्या मधोमध एक मराठी प्राथमिक शाळा आहे. पहिली ते चौथी, शेहेचाळीस मुलं, तीन बाई आणि एक पितळी घंटा. या शाळेच्या सूचना वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिल्या जात आणि वर्षानुवर्षं कुणी त्या वाचत नसे. पालकांचा तरी काय दोष? कुणी हॉस्पिटलच्या वॉर्डात, कुणी मॉलच्या दारावर. कुणाची ड्युटी सकाळी सहाला सुरू होते, कुणाची तेव्हा संपते. म्हणून मुख्याध्यापिका मेघनाबाईंनी यंदाच्या हिवाळ्यात सूचना बोलून रेकॉर्ड करायच्या आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायच्या असं ठरवलं. पहिली सूचना प्रितीबाईंनी आपल्या रडक्या आवाजात वाचली. ती ऐकून दोन पालकांचे फोन आले, "बाई, शाळेत कुणी गेलं का?"

तेव्हा मेघनाबाईंना कुशाबा परब आठवले.

कुशाबा समोरच्याच चाळीत राहतात. वय शहात्तर. गिरणी होती तोवर गिरणीत, आणि पाळी सुटली की कामगारांच्या नाटकात. आता दोन्ही नाहीत. शेजारच्या खोलीतली संघमित्रा तिसरीत आहे. तिची आई नर्स, सकाळची ड्युटी, म्हणून तिला शाळेत सोडायचं काम कुशाबांनी आपणहून घेतलं आहे. फाटकाशी ते तिला "जा बाळ, विजयी हो!" असं म्हणत, ते रस्त्यापलीकडच्या पावभाजीवाल्यालाही ऐकू जाई. हाच आवाज बाईंना हवा होता.

कुशाबांनी होकार दिला तो उपकार केल्यासारखा, आणि घरी येऊन आरशासमोर उभे राहून तीनदा खाकरले. बेचाळीस वर्षांनी कुणीतरी हातात संहिता दिली होती. संहिता म्हणजे वहीचं अर्धं पान. त्यावर लिहिलं होतं: सहा डिसेंबरला सुट्टी. तेरा तारखेला, शनिवारी, सकाळी आठला क्रीडादिन. वीस तारखेला भायखळ्याला राणीच्या बागेत सहल. तीन जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती, मुलींची भाषणं. मुलांना स्वेटर घालून पाठवावे.

शेवटच्या वाक्यावर ते अडले. मुंबईचा हिवाळा हा पाहुण्या कलाकारासारखा. दोन प्रवेश करतो आणि तिसऱ्याच्या आत मेकअप पुसून निघून जातो. त्या बिचाऱ्यासाठी स्वेटर! असल्या वाक्यावर पडदा कसा पाडायचा? कुशाबांनी फोन तोंडाशी धरला, सगळं पान भारदस्त आवाजात म्हटलं, स्वेटरपाशी आले, आणि टाळी येईना हे त्यांना मोकळ्या खोलीतसुद्धा जाणवलं. मग जुन्या नटाची खोड उफाळून आली. त्यांनी एक पदरचं वाक्य टाकलं.

"आणि पालकहो, क्रीडादिनाला मैदानात... घोडा येणार आहे!"

हे वाक्य कुठून आलं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरुणपणी गिरणीच्या एका ऐतिहासिक नाटकात पहारेकरी ओरडे, "घोडा आला!" आणि थिएटर शिट्ट्यांनी भरून जाई. चाळीत सगळ्यांना माहीत होतं की त्या नाटकात कुशाबा सरदार होते. सगळ्यांना हे कुशाबांनीच सांगितलं होतं. खरं असं, की सरदार वेगळा होता. घोडा दोन माणसांचा होता, पुढच्या पायांत रामदास होता आणि मागच्या पायांत कुशाबा. सरदाराशी त्यांचा संबंध एवढाच, की प्रवेश संपला की सरदार त्यांच्या पुठ्ठ्यावर थाप मारी. ती थाप त्यांनी साडेतीनशे प्रयोग खाल्ली होती.

सूचना ग्रुपवर गेली. संध्याकाळपर्यंत चाळीस अंगठे, अकरा हसरे चेहरे आणि सहा प्रश्न आले: घोड्यावर बसायला मिळणार का, फोटो काढू देणार का, धाकट्यालाही आणू का. कुशाबा गॅलरीत बसून हे सगळं बायकोला वाचून दाखवत होते.

रखमाकाकूंनी तांदूळ निवडता निवडता मान वर केली. "घोडो हाडूक कोणी सांगितल्यान तुमका?"

"अगं, घोडा आणायला कोण सांगेल? ते बोलण्याच्या ओघात."

"ओघात घोडो? स्वेटराच्या मागसून? आता काय करतलात?"

दुसऱ्या दिवशी हाच प्रश्न मेघनाबाईंनी शुद्ध मराठीत विचारला. "परब काका, पहिलीतली मुलं आज प्रार्थनेला खिंकाळली. चौथीच्या मुलांनी गवत आणलंय. मी काय उत्तर देऊ?"

"बाई, कलाकाराकडून कधी कधी..."

"शेहेचाळीस मुलांना मी 'कधी कधी' कसं समजावू? घोडा आला नाही, तर पुढच्या सूचना पुन्हा प्रितीबाई वाचतील. त्यांना सराव तरी होईल."

कुशाबांना खोटं बोलल्याची लाज वाटली नाही. ते सवयीचं होतं. पण ते अर्धं पान हातातून जाणार म्हटल्यावर त्यांनी खिशात हात घालून ते घट्ट धरलं. बाहेर फाटकाशी संघमित्रा दोन मैत्रिणींना सांगत होती, "अगं, आमच्या आजोबांनी सांगितलंय ना, मग येणारच. ते सरदार होते. त्यांच्याकडे होता घोडा." हे ऐकून मात्र त्यांना गवत आपणच खावं असं वाटलं.

वरातीच्या घोडेवाल्याकडे ते त्याच दिवशी गेले. तो म्हणाला, "काका, लग्नसराई आहे. तेरा तारखेला दोन्ही जनावरं दादरला नवरदेवाच्या खाली. आणि शाळेच्या मैदानात घोडा म्हणजे परमिशन लागते. तुमच्याकडे आहे?" कुशाबांकडे फक्त आवाज होता.

राहता राहिला रामदास. जुना जलशात गाणारा, दोन गल्ल्या पलीकडच्या चाळीत राहणारा, अठ्ठ्याहत्तरचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि इतका हसला की सुनेने आतून पाणी आणलं.

"कुशा, साठ वर्षं सरदार म्हणून मिरवलास आणि अडलास तेव्हा घोड्याकडेच आलास की रे!"

"हसून झालं असेल तर सांग. जमेल?"

"गुडघा बदललाय माझा. पण चालतो. एका अटीवर. पुढे तू, मागे मी. लोकांना सांगत आलास ना सरदार होतास म्हणून? मग निदान पुढचा तरी हो एकदाचा."

कुशाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. सत्तावन्न वर्षांनी बढती!

सामान जमलं. अंगाला रखमाकाकूंच्या दोन तपकिरी सोलापुरी चादरी, त्यामुळे घोडा चौकड्यांचा झाला. शेपूट काथ्याची. मुंडकं फ्रिजच्या खोक्याचं, प्रितीबाईंच्या वर्गाने रंगवलेलं. एक डोळा रागीट, दुसरा झोपाळू. तालीम रामदासच्या चाळीच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला.

पहिल्याच तालमीत बढती फसली. पुढच्या पायांनी दिशा ठरवायची असते आणि कुशाबांना ती सवयच नव्हती. ते थबकत, मागचा काय करतो ते बघायला वळत, की घोडा मधोमध मोडे. उजवा टाकायचा तिथे डावा टाकत. तिसऱ्यांदा ते पाण्याच्या टाकीवर आपटले तेव्हा मागून रामदासचा आवाज आला, "अरे, तुला पुढचं दिसतंय ना? मग बघून चाल की!"

"दिसतंय म्हणूनच घोटाळा होतोय," कुशाबा म्हणाले.

जागा बदलल्या. कुशाबा कमरेत वाकले, रामदासच्या पट्ट्याला धरलं, डोळ्यांसमोर फक्त त्याच्या टाचा आल्या, आणि पायांना सगळं आठवलं. रामदासची डावी टाच उचलायच्या आधी किंचित आत वळते, हेसुद्धा. घोडा गच्चीभर दुडक्या चालीने फिरला. कपडे काढायला आलेली एक बाई बादली तिथेच ठेवून खाली पळाली.

तेरा तारखेला सकाळी मैदानावर सगळे स्वेटरमध्ये घामाघूम झालेले. लिंबू-चमचा झाला, तीन पायांची शर्यत झाली, पण मुलांचं लक्ष फाटकाकडे. मेघनाबाई हातात माईक घेऊन प्रितीबाईंच्या खोलीत आल्या. तिथे घोडा दोन तुकड्यांत उभा होता.

"काका, नावं जाहीर करते. घोडा सादर करत आहेत कोण कोण? पुढे तुम्ही ना?"

खोलीच्या दारात संघमित्रा पाण्याची बाटली घेऊन उभी होती. रामदास छताकडे बघत राहिला; जुना मित्र असल्या वेळी छताकडेच बघतो. कुशाबांच्या तोंडात ते नेहमीचं वाक्य तयार होतं, साठ वर्षं पाठ केलेलं. ते उच्चारायला फक्त श्वास घ्यायचा होता.

"पुढे रामदास," ते म्हणाले. "मागचे पाय कुशाबा परब. तेव्हाही मागचेच होते. असंच सांगा, बाई."

संघमित्राने बाटली खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही सरदार नव्हता?"

"नाही गं."

"घोडा होता?"

"अर्धा."

तिने थोडा विचार केला. "मग आधीच सांगायचं ना," ती म्हणाली, आणि मैत्रिणींना सांगायला पळाली.

माईकवर नावं झाली आणि घोडा मैदानात आला. कुशाबांना काहीच दिसलं नाही. दोन टाचा, थोडी धूळ आणि सोलापुरी अंधार. पण शेहेचाळीस मुलांची जी किंकाळी उठली ती चादरीतून आरपार आली. चौथीच्या मुलांनी गवत पुढे केलं, रामदासने मुंडकं हलवून ते नाकारलं. पहिलीतला एक जण रडायला लागला. मग कुणीतरी ओरडलं, "शर्यत! घोड्याशी शर्यत!" आणि रामदासचा गुडघा नवा असल्याचा माज त्याच्या टाचांत दिसला. ते पळाले. बरोबर सव्वीस पावलं. सत्ताविसाव्याला कुशाबांची कंबर थांबली, रामदास नाही थांबला, आणि चादर दोघांच्या मध्ये ताणली जाऊन घोडा लांबच लांब होत गेला.

मुलांनी तो पुन्हा जोडला.

खोलीत परत आल्यावर कुशाबांना सरळ उभं राहता येईना. ते वाकूनच टेबलाला धरून होते. मेघनाबाई आत आल्या. त्यांच्या हातात वहीचं अर्धं पान होतं. त्यांनी ते टेबलावर कुशाबांच्या नाकासमोर ठेवलं आणि फोन त्यांच्या तोंडाशी धरला.

"राणीच्या बागेची सूचना आजच जायला हवी. जमेल का, काका?"

कुशाबांनी वाचलं. वीस तारीख, सकाळी साडेसात, शाळेच्या फाटकाशी, डबा, पाणी, टोपी. दर तीन शब्दांनी धाप. शेवटी पडद्याचं वाक्य टाकायला दमच शिल्लक नव्हता. बाईंनी फोन बघितला. पस्तीस सेकंद.

"आजवरची सगळ्यात छान सूचना," त्या म्हणाल्या. "सहल झाली की सावित्रीबाईंची जयंती येतेय. मुलींना भाषणं बसवायला कुणीतरी हवंय. स्पष्ट बोलायचं, पण जेवढं लिहिलंय तेवढंच."

कुशाबांनी वाकूनच मान हलवली. संघमित्रा त्यांच्यासाठी काठी घेऊन आली होती. त्यांना राहवलं नाही. "मी कसा झालो गं?"

"तुम्ही कुठे दिसलात, आजोबा?" ती म्हणाली. "घोडा मस्त होता."

संध्याकाळी रखमाकाकूंनी कमरेला शेक दिला आणि गॅलरीत चाळ जमली. कुशाबांनी सगळी हकिकत सांगितली. त्यात सव्वीस पावलांच्या दोन फेऱ्या झाल्या. घोडा शर्यतीत तिसरा आला. समोरच्या इमारतीतून लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि एका पोलिसाने गाडी थांबवून सलाम केला.

"सलाम खयसून इलो?" रखमाकाकूंनी विचारलं.

"बोलण्याच्या ओघात," कुशाबा म्हणाले.

मागचे पाय मात्र त्यांनी हकिकतीतही स्वतःचेच ठेवले.