ड्रॅगनला न भिणारा सरदार

रविवारी दुपारी आमच्या मलकापूरच्या घरी फाशांचा खेळ रंगतो. मुलगी गोष्ट रचते, मी आणि तिची आई त्यातली पात्रं होतो. माझं लाडकं पात्र म्हणजे ड्रॅगनवर एकटा धावून जाणारा सरदार. मुलीला पुण्याला शिकायला पाठवू नको, असं माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे तिच्या मोठेबाबांनी बजावलं, तेव्हा मात्र मी मुकाट मान डोलावली होती.

प्रवेशाला दोन दिवस उरले असताना तिनं गोष्टीत वेशीवर एक म्हातारा उभा केला. तो पोरींना गावाबाहेर जाऊ देत नव्हता.

"बोला सरदार, काय करता?"

मी तलवार म्यान केली. "आधी त्यांच्या पाया पडतो."

"बाबा, तुम्ही ड्रॅगनले भेत नाही, मंग मोठेबाबाले काऊन भेता?" तिनं फासे डबीत भरले.

लाज वाटून मी लगेच भावाला फोन लावला, आणि त्याच्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला.